खालचं काम करणार? मग पार्ट विकू नका, तपासणी विका



"सर, गॅरेज टाकायचंय, भांडवल कमी आहे, नेमकं कोणतं काम धरू?" प्रशिक्षणाच्या प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: जुन्या चारचाकींचं पुढचं खालचं काम. शॉकअप, लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश, लिंक रॉड, टाय रॉड एंड, हे सगळं त्यात आलं. हे पार्ट कसे खोलायचे आणि बसवायचे ते व्हिडिओत दाखवलंय. इथे धंद्याची बाजू लिहितो, कारण हात चांगला आहे म्हणून गॅरेज चालतंच असं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खालच्या कामात पार्टच्या नफ्यावर डोळा ठेवणारा गॅरेजवाला फार टिकत नाही. जो गाडीखाली जाऊन नीट बघतो, जे दिसलं ते कागदावर लिहून देतो आणि त्या बघण्याचे पैसे घेतो, तो टिकतो. माझं स्वतःचं दुकान आहे, पार्ट विकूनच माझं घर चालतं, तरी हे सांगतोय.

हे काम आपल्याकडे कमी पडणार नाही

आपलं अंतरवाली सराटी २०२३ मध्ये महाराष्ट्रभर माहीत झालं, ते कशामुळे हे सांगायला नको. पण धंद्याच्या नजरेने गावाकडे बघा. वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्ग लागतो. तिकडे जालना-अंबड रस्ता, इकडे शहागड, गेवराई. हंगामात ऊस अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याकडे चाललेला असतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा हा पट्टा, जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी खालची माती हलली की रस्त्याला लाटा येतात, कडा खचतात. त्यावरून उसाचे भरलेले ट्रॅक्टर गेले की उरलेलं कामही होतं.

अशा रस्त्यावर फिरतात कोणत्या गाड्या? मारुती ८०० ची शेवटची गाडी जानेवारी २०१४ मध्ये बनली, म्हणजे सगळ्यात तरुण ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची. जोडीला ओम्नी, वॅगन आर, इंडिका, जुन्या स्विफ्ट. शहरात वापरून झालेली गाडी गावाकडे येते आणि इथे तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारचं नूतनीकरण शुल्क १० हजार रुपये झालं. एवढे पैसे भरून जो माणूस जुनी गाडी ठेवतो, त्याला ती चालवायचीच आहे. तो तुमचा गिऱ्हाईक.

म्हणजे काम भरपूर आहे. प्रश्न आहे तो काम करण्याच्या पद्धतीचा.

दोन पद्धती, दोन्ही तोट्याच्या

गिऱ्हाईक येतो, म्हणतो, "पुढून खडखड वाजतंय." यावर बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक गोष्ट होते.

पहिली पद्धत अंदाजाची. मिस्त्री गाडी हलवून बघतो, म्हणतो, "लिंक गेली असेल," आणि सगळ्यात स्वस्त पार्ट बदलून देतो. कधी आवाज जातो, कधी महिनाभराने परत येतो. गिऱ्हाईक परत आला की मिस्त्री आता बुश बदलतो, मग माउंटिंग. तीन फेऱ्यांनंतर गिऱ्हाईक म्हणतो, "याला काही कळत नाही," आणि दुसरीकडे जातो.

दुसरी पद्धत भीतीची. "साहेब, खालचं सगळं काम करावं लागेल, नाहीतर चाक निघेल." पाच पार्ट चांगले असताना सगळे बदलायचे आणि बिल मोठं करायचं. एकदा पैसे मिळतात. पण गाव म्हणजे शहर नाही. जुने काढलेले पार्ट कुणीतरी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवतंच. तो म्हणाला, "हे तर चांगले होते," की संपलं. लग्नाच्या पंगतीत, पारावर, सगळीकडे तुमचं नाव निघतं.

दोन्ही पद्धतींत चूक एकच. गाडीखाली काय आहे हे नीट न बघताच काय विकायचं ते ठरलेलं असतं.

ग्रीस गेलं, त्याबरोबर बघणंही गेलं

ही सवय लागली कशी, ते समजून घ्या, कारण तुमची संधी तिथेच आहे.

अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात खालच्या सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस मारावं लागायचं. मिस्त्री ग्रीस गन घेऊन खाली जायचा तेव्हा ढिला सांधा, फाटलेलं रबर, गळणारा शॉकअप आपोआप त्याच्या नजरेला पडायचा. तपासणी म्हणून वेगळं काही नव्हतं. ग्रीस मारणं हीच तपासणी होती.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. अर्ल मॅकफर्सन या फोर्डच्या इंजिनिअरची ही रचना १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड गाड्यांत आली होती. पार्ट कमी, वजन कमी, किंमत कमी, म्हणून छोट्या गाड्यांत ती सगळीकडे पसरली. पुढे पुढे खालचे बॉल जॉइंट बंद डब्यासारखे आले. ग्रीस कारखान्यातच भरलेलं, वर रबराचा बूट. ग्रीस मारायची गरजच उरली नाही.

सोय झाली, पण खाली जायचं निमित्तही गेलं. आता ऑइल बदललं, फिल्टर बदलला, गाडी धुतली की सर्व्हिस झाली. इकडे रबराचा बूट फाटतो, आत धूळ-पाणी जातं, ग्रीस बाहेर येतं आणि बॉल जॉइंट आतून झिजत राहतो. वरून काही दिसत नाही. आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो, कधीकधी आवाज येतही नाही.

जे बघणं पूर्वी फुकटात व्हायचं, ते आता कुणीच करत नाही. तेच तुम्ही करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे.

तीन रकान्यांचा कागद

तपासणी म्हणजे गाडी दाबून वर-खाली हलवणं नव्हे. ती एक ठरलेली रांग आहे. अशी बसवा:

१. आधी गिऱ्हाईकाला शेजारी बसवून गाडी चालवा. आवाज छोट्या खड्ड्यावर येतो की मोठ्या? वळताना की ब्रेक दाबताना? गाडी एका बाजूला ओढते का?

२. टायर बघा. आतली कड खाल्ली आहे की बाहेरची? मध्येमध्ये खड्डे पडलेत का? टायर तुम्हाला अर्धं उत्तर देतो.

३. गाडी उचला, स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही. दगड, विटा, लाकडाचे ओंडके चालणार नाहीत. या नियमाला सूट नाही.

४. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंगकडे बघा, तरीही हललं तर बॉल जॉइंटकडे.

५. चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथे टाय रॉड एंड आणि रॅक एंड कळतात.

६. मॅकफर्सनच्या गाडीत चाक लोंबकळत असताना पहार घालून लोअर आर्मचा सांधा हलवून बघा. ज्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकते, तिथे जॅक आर्मखाली लावून बघा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबामुळे ढिलेपणा लपतो.

७. बुशचं रबर फाटलंय का, शॉकअपवर ओलं तेल आहे का, स्प्रिंग तुटली आहे का, बूट शाबूत आहेत का, ते बघा. मोबाईलवर फोटो काढा.

मग एका कागदावर तीन रकाने करा: "आज करा", "पुढच्या सर्व्हिसला करा", "चांगलं आहे".

ढिला बॉल जॉइंट, हलणारा टाय रॉड एंड, तुटलेली स्प्रिंग पहिल्या रकान्यात. खडखडणारी लिंक रॉड किंवा जरासा तडा गेलेला बुश बहुतेक वेळा दुसऱ्यात. आणि तिसरा रकाना कधी रिकामा सोडू नका. तिसऱ्या रकान्यात "डावा आर्म चांगला, रॅक चांगला" असं लिहिलेलं गिऱ्हाईकाने वाचलं की पहिल्या रकान्यावर त्याचा विश्वास बसतो. जो माणूस "हे बदलायची गरज नाही" म्हणतो, त्याचं "हे बदला" ऐकलं जातं.

हिशोब करून बघा

आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

अंदाजाने लिंक बदलली, मजुरी ४०० रुपये, वेळ एक तास. आवाज गेला नाही, गाडी परत आली, पुन्हा दोन तास गेले, त्याचे पैसे मागता येत नाहीत. म्हणजे तीन तासांचे ४०० रुपये, तासाला १३३.

तपासणीचे ३०० रुपये, वेळ पाऊण तास. म्हणजे तासाला ४००. एकही पार्ट न विकता. शिवाय जे काम निघेल त्याची मजुरी वेगळी आणि गाडी परत यायची शक्यता कमी.

तुम्ही म्हणाल, "सर, गावात बघायचे पैसे कोण देतंय?" बरोबर आहे, पहिल्या महिन्यात कुरकूर होणार. म्हणून दोन गोष्टी करा. एक, दर पाटीवर लिहा, तोंडी सांगू नका. दोन, काम तुमच्याकडे केलं तर तपासणीची रक्कम बिलातून वजा करा. मग काम करणाऱ्याला ती फुकट पडते आणि नुसतं बघून जाणाराही तुमचा वेळ फुकट नेत नाही. कागद मात्र दोघांनाही द्या. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला गेला तरी जाऊ द्या. तुमचं नाव छापलेला कागद त्या गॅरेजमध्ये पोचला, अशी जाहिरात कुठे मिळते?

"गाडीच ६० हजारांची, तिच्यात १० हजार घालू?"

हा प्रश्न प्रत्येक जुन्या गाडीचा मालक विचारणार आणि त्याचं बरोबर आहे. त्याला घाबरवू नका, हिशोब दाखवा.

पहिल्या रकान्यातलं आणि दुसऱ्या रकान्यातलं काम वेगळं करून सांगा. १० हजारांचं काम असेल तर त्यातलं आजचं कदाचित ४ हजारांचंच असेल. बाकीचं पेरणी झाल्यावर, कापूस विकल्यावर. शेतकऱ्याच्या हातात पैसा बारा महिने सारखा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग टायरचा हिशोब द्या. पुढच्या टायरची जोडी समजा ८ हजारांची. ढिल्या सांध्यामुळे ती अर्ध्या आयुष्यात गेली तर ४ हजार रुपये रस्त्यावर घासून गेले.

जोडीने काय बदलायचं हेही खरं सांगा. शॉकअप आणि स्प्रिंग जोडीनेच बदला, नाहीतर एक बाजू कडक, एक बाजू मऊ, आणि ब्रेक दाबताना गाडी वेगळी वागते. पण एका बाजूचा आर्म खड्ड्यात आपटून वाकला असेल आणि दुसरा तपासून चांगला निघाला असेल, तर दोन्ही विकायची गरज नाही.

पार्टच्या बाबतीत तीन पर्याय समोर ठेवा. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, पार्ट बनवणाऱ्या नामांकित कंपनीचा, आणि लोकल. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून शॉकअपच्या धंद्यात आहे, स्टीअरिंग आणि खालच्या सांध्यांत राणेचं नाव जुनं आहे. अशा कंपन्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या डब्यातही बाजारात येतो आणि जुन्या गाडीला बहुतेक वेळा तोच परवडतो. पण नामांकित नावाचे डुप्लिकेट डबेही फिरतात. अधिकृत वितरकाकडूनच घ्या, बिल घ्या. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडला लोकल माल लावू नका, गिऱ्हाईक मागत असला तरीही. तिथे पैसे वाचवायला जागा नाही.

जिथे "नाही" म्हणायचं

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खालचं काम हे एसी किंवा टेपच्या कामासारखं नाही. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं, गाडी एका बाजूला खाली बसते आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. खड्ड्याच्या रस्त्यावर वीसच्या वेगात झालं तर आर्म आणि फेंडरवर भागेल. पण तीच ८०० उद्या जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढणार असेल तर? आत बसलेली माणसं आपल्याच गावची असतात. आणि गाडीला शेवटचा हात कुणाचा लागला होता, हे सगळ्या गावाला माहीत असतं.

म्हणून एक नियम घालून घ्या. बॉल जॉइंट सुटायच्या बेताला आलाय आणि मालक म्हणतोय, "राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू," तर कागदावर "गाडी चालवण्यास धोकादायक" असं लिहा, त्याची सही घ्या, फोटो ठेवा. पैशांची अडचण असेल तर तेवढा एक पार्ट उधारीवर घाला, पण गाडी तशी सोडू नका. "दादा, गाडी इथेच राहू द्या, मी घरी सोडतो," एवढं म्हणायची हिंमत ठेवा. एक गिऱ्हाईक रागावेल. चालेल.

हाच नियम स्वतःच्या हातालाही लावा. स्प्रिंग कंप्रेसरने दाबल्याशिवाय स्ट्रटचा वरचा मधला नट खोलायचा नाही. तार किंवा दोरी बांधून स्प्रिंग दाबायचे प्रयोग करू नका, सुटलेली स्प्रिंग जबडा फोडते. आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडीचं वजन चाकावर आल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. जुनी स्प्लिट पिन आणि लॉक नट पुन्हा वापरू नका. आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करायचीच. आणि ५०० किलोमीटरनंतर फेरतपासणी फुकट द्या. त्या एका फेरीत तुमच्या कामाचा निकाल तुम्हालाच कळतो.

सुरुवात कशाने करायची

अलाइनमेंटचं मशीन पहिल्या दिवशी घेऊ नका, हप्ते फेडताना कंबर मोडेल. अंबड, जालना किंवा गेवराईच्या एखाद्या टायरवाल्याशी ठरवून घ्या: गाड्या तुम्ही पाठवायच्या, रिपोर्टचा कागद त्याने द्यायचा. तुमचं भांडवल चांगला जॅक, मजबूत स्टँड, स्प्रिंग कंप्रेसर, बॉल जॉइंट काढायचा पुलर, टॉर्क पाना आणि उजेड यांत घाला.

कर्ज हवं असेल तर मुद्रा आहे, पीएमईजीपी आहे. पीएमईजीपीत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. पण अनुदान बघून प्रकल्प फुगवू नका. महिन्याला किती गाड्या येतील ते आधी रस्त्यावर उभं राहून मोजा.

बिल प्रत्येकाला द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे माल किंवा सेवा देऊन बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि ही उलाढाल पार्टची विक्री धरून मोजतात, फक्त मजुरी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, पूर्वी बऱ्याच पार्टवर २८ होता. तुमच्याकडे जुन्या दराची यादी भिंतीवर लटकत असेल तर आजच बदला.

या आठवड्याचं काम

मशीन नको, बोर्ड नको. ओळखीच्या पाच जुन्या गाड्या घ्या आणि वरच्या सात पायऱ्यांनी तपासा. पाचही मालकांना तीन रकान्यांचा कागद हातात द्या. कुठलाही पार्ट विकायचा प्रयत्न करू नका. फक्त बघा, कोण परत येतं आणि काय विचारतं. त्या पाच माणसांपैकी दोघं जरी म्हणाले, "तुमच्याकडेच करून घेतो," तरी तुमच्या गावात हे काम चालणार, असं समजा.

पुढच्या भागात गॅरेजमधली उधारी कशी बंद करायची ते बघू. तोपर्यंत कामाला लागा.